‘लुडाईट’ ही शिवी नेमकी कोणाला?

नव्या यंत्राविषयी कोणी शंका काढली की प्रगतीचे ठेकेदार लगेच त्याच्यावर एक विशेषण फेकतात – ‘लुडाईट’! म्हणजे अडाणी, यंत्रद्वेष्टा, घड्याळाचे काटे उलटे फिरवू पाहणारा. ज्यांच्यावरून ही शिवी रूढ झाली, ते इंग्लंडमधील विणकर वस्तुतः होते तरी कोण?

मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरात ज्यांनी यंत्रे फोडण्यास प्रारंभ केला, त्यांचा उभा जन्म यंत्रापुढेच गेला होता. मोजे विणण्याचे यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्येच बनविले होते. दोन शतकांहून अधिक काळ त्यावरच या मंडळींची चूल पेटत होती. त्यांचा रोष होता तो मालकांच्या लबाडीवर. रुंद कापड विणायचे, ते कापून, शिवून मोजे म्हणून विकायचे. शिवण उसवली की बदनामी साऱ्या व्यवसायाची! उमेदवारी पुरी केलेल्या कसबी माणसाला डावलून कमी मजुरीत शिकाऊ पोरे बसवायची आणि यंत्राचे भाडे मात्र विणकराच्या मजुरीतून कापायचे. म्हणूनच अंधारातही हातोडा निवडून पडे. ठरलेला दर देणाऱ्याची यंत्रे बहुधा शाबूत राहत. याला अडाणीपणा म्हणावयाचे काय?

लवकरच ही आग यॉर्कशायरच्या लोकर-कारागिरांत पसरली. त्यांना संरक्षण देणारे जुने कायदे पार्लमेंटने १८०९ मध्येच रद्द केले होते. संघटना काढावी, तर तिच्यावर १७९९ पासून बंदी. सरकारने बाजारात हात घालू नये, हे थोर तत्त्व मजुरीपुरते कसोशीने पाळले गेले. मालकांची यंत्रे राखावयाची वेळ येताच तेच सरकार सुमारे १२ हजार सैनिक घेऊन उतरले! यंत्र फोडणाऱ्यास देहान्त शासन देणारा कायदा १८१२ मध्ये काही आठवड्यांत संमत झाला. कवी लॉर्ड बायरन याने उमरावांच्या सभागृहातील आपल्या पहिल्याच भाषणात केलेला विरोध व्यर्थ गेला.

त्या वर्षी विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाची हत्या झाली, तिचे समर्थन कोणीही करणार नाही. पण सनदशीर मार्ग विणकरांनी सोडला होता काय? ग्रेव्हनर हेन्सन याच्या पुढाकाराने त्यांनी त्याच वर्षी आपल्या व्यवसायाच्या रक्षणाचे विधेयक पार्लमेंटपुढे नेले. कनिष्ठ सभागृहाने ते संमतही केले. उमरावांनी फेटाळले. पुढील जानेवारीत यॉर्क येथे सतरा जण फासावर चढविण्यात आले.