सतरा सी कुठाय?

२३ नोव्हेंबर २०२४च्या संध्याकाळी माझा पुतण्या ओट्यावर मान खाली घालून बसला होता. स्वतःच्या मोटारसायकलवर, पदरचं पेट्रोल घालून वीस दिवस त्यानं एकही वस्ती सोडली नव्हती. विधानसभेच्या निकालात आमच्या बाजूची धूळधाण झाली. महायुती २३०, आघाडी पन्नाशीच्याही आत. "काका, हे होऊच शकत नाही. मशीन मॅनेज केलंय," तो म्हणाला.

मी विचारलं, "आपल्या बूथची सतरा सी कुठाय?"

त्याला ते नावही ठाऊक नव्हतं. याचा दोष त्याला देणार नाही. तीस वर्षं बूथवर बसलेल्या माझ्यासारख्यानं ते त्याला शिकवायला हवं होतं. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटचं क्लोज बटण दाबतात, पडलेल्या मतांचा आकडा नमुना १७ सीवर लिहितात आणि सही करून त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला देतात. मशीनचा नंबर, सीलचे नंबर, सगळं त्यावर असतं. मोजणीच्या टेबलावर हाच आकडा ताडून पाहायचा असतो. आमचा प्रतिनिधी मात्र साडेपाचलाच उठून गेला होता, वातावरण आपलंच आहे म्हणून.

पुतण्याचा दुसरा सवाल होता, "पाचला मतदान ५८.२२ टक्के होतं, ते शेवटी ६६.०५ झालं. एवढी माणसं आली कुठून?" आमच्या शाळेपुरतं मी सांगू शकतो, कारण मी त्या रांगेत होतो. सहाला फाटक बंद झालं. मागून कुणी घुसू नये म्हणून केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे आले. माझ्या पुढेमागे बहुतेक कापूस वेचून आलेल्या बाया होत्या. शाई लावायला बोट पुढे केलं की बोंडांचे ओरखडे दिसत होते. त्यातलीच एक आमची शेजारीण. नंतर तिनं मला सरळ सांगितलं, "भाऊ, मत तिकडंच दिलं. सरकारचे पंधराशे माझ्या खात्यात येतात." वीस दिवसांत तिच्या दारात आमचं कुणी थांबलंच नव्हतं. आम्ही पारावरच्या पुरुषांशी बोललो आणि त्यालाच गाव समजलो. मशीन मॅनेज झालं असं पुतण्या म्हणतो, तेव्हा तो या बाईचं मत खोटं ठरवतो. हे मला सहन होत नाही.

आणि तितकंच सहन होत नाही ते शंका घेणाऱ्याला भाडोत्री म्हणणं. माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत आघाडीच्या उत्तम जानकरांना ८४३ आणि महायुतीच्या राम सातपुतेंना १००३ मतं दाखवली गेली. मतदारसंघात जानकरच जिंकले होते, तरी गावाला हा आकडा पटला नाही. ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं गावकऱ्यांनी ठरवलं. त्याला कायद्याचा आधार नव्हता, हे मला मान्य आहे. पण उत्तर काय मिळालं? जमावबंदी, पोलीस, पुढे गुन्हे. त्याच महिन्यात निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रावरचं सीसीटीव्ही चित्रणही लोकांच्या हाताबाहेर नेलं. ज्याला काही लपवायचं नाही, त्यानं असं वागू नये.

आज शंकेखोरांना देशद्रोही म्हणणाऱ्यांनी २००९ आठवावं. तेव्हा हरलेल्या भाजपचे लालकृष्ण अडवाणी मतपत्रिका परत आणा म्हणत होते. त्याच पक्षाच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी पुढच्याच वर्षी मतदान यंत्रांवर शंका घेणारं अख्खं पुस्तक लिहिलं. ते तेव्हा देशद्रोही नव्हते, आणि मारकडवाडीची माणसंही नाहीत.

प्रत्येक बूथची सतरा सी मतदानानंतर लगेच संकेतस्थळावर टाका, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. २४ मे २०२४ रोजी, लोकसभेचं मतदान चालू असताना, न्यायालयानं तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. निवडणूक आयोगाचं म्हणणं, कायद्यानं ती फक्त प्रतिनिधीला द्यायची असते. मग कायदा बदला. एका पानाचा कागद आहे तो. ज्याचा प्रतिनिधी साडेपाचला उठून गेला त्यालाही, आणि त्या कापूस वेचणाऱ्या बाईलाही, आमच्या शाळेत किती मतं पडली हे त्याच रात्री पाहता आलं पाहिजे.