सल्ला प्लॉटचा, तर माहितीही प्लॉटपुरतीच

ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर दिंडोरी-निफाड पट्ट्यात एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन अवस्थांतल्या द्राक्षबागा दिसतात; अलीकडची पोंग्यात (कोंब फुटण्याच्या अवस्थेत), पलीकडची फुलोऱ्यात. पाऊस होऊन रात्रभर पाने ओली राहिली, तर फुलोऱ्यातल्या बागेत डाऊनी (केवडा) रोग थेट घडात शिरतो. पोंग्यातल्या बागेत त्याला धरायला हिरवा भागच कमी असतो. दोघांना एकच सल्ला दिला, तर एकाची फवारणी वाया जाते किंवा दुसरा गाफील राहतो. 2019 मध्ये आलेल्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी मिळणारा कृषी सल्ला मोलाचा आहे, पण प्रत्येक प्लॉटची छाटणी कधी झाली, हे त्याला ठाऊक नसते. म्हणूनच बागेतल्या सेन्सरने टिपलेला पानांवरचा ओलावा छाटणीच्या तारखेशी जोडून मोबाइलवर येणारा इशारा द्राक्ष बागायतदाराला हवा आहे. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश मर्यादेतच लागतात. तिथे टळलेली फवारणी औषधाच्या खर्चाहून अधिक वाचवते.

मात्र या सल्ल्याला लागते काय? प्लॉटचे ठिकाण, वाण, छाटणीची तारीख, झालेल्या फवारण्या. फोनमधले संपर्क आणि मेसेज त्याला लागत नाहीत. शिवाय प्लॉटची नोंदही नाजूक आहे. कोणाचा माल कधी उतरणार हे व्यापाऱ्याला आधीच कळले, तर सौद्यात शेतकऱ्याची बाजू लंगडी पडते. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातच एक उदाहरण आहे: वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी तो होकार उपचाराला आवश्यक माहितीपुरताच धरला जाईल. हाच न्याय बागेला लावायला हवा.

जास्त माहिती दिली तर सल्ला अचूक होतो, असा आक्षेप येईल. तो प्लॉटच्या नोंदींबाबत खरा आहे, पण अनेक बागांवरून शिकायला मालकांची नावे लागत नाहीत. दुसरा आक्षेप खर्चाचा: सेवा स्वस्त हवी, तर माहिती द्यावीच लागेल. लहान बागायतदाराची ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर एकत्र येण्यात आहे. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी निर्यातीपर्यंत नेऊन दाखवली. अशा कंपन्यांनी आणि गटांनी सेन्सर सामाईक घ्यावेत आणि सेवा देणाऱ्याशी मराठीत करार करावा: नोंदी शेतकऱ्याच्या, त्याच्या लेखी संमतीशिवाय व्यापारी, बँक वा औषध कंपनीला देणे नाही, आणि सेवा सोडताना त्या परत मिळतील. येत्या छाटणीआधी हा करार झाला पाहिजे. हंगाम सुरू झाल्यावर अटी घालण्याची ताकद शेतकऱ्याकडे उरत नाही.