दूध वगळले, पुढे काय?

भारताचा ऑस्ट्रेलियाशी २०२२ मध्ये व्यापार करार झाला, त्यातून दूध वगळले. युरोपातल्या एफ्टा गटाशी २०२४ मध्ये झाला, दूध वगळले. ब्रिटनशी २०२५ मध्ये झाला, तेव्हाही तेच. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकमध्ये भारताने आशिया-पॅसिफिक देशांच्या आरसेप या व्यापार करारातून अंग काढून घेतले, त्यामागेही न्यूझीलंडच्या दुधाची धास्ती होती. अहिल्यानगर जिल्ह्यात पशुवैद्यक म्हणून माझी नोकरी गोठ्यागोठ्यांत गेली. या प्रत्येक निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले आहे. दोन-चार गाईंवर घर चालवणाऱ्या माणसाला शेकडो गाईंच्या कुरणांशी स्पर्धा करायला लावणे हा अन्यायच ठरेल.

दुधाभोवतीचे हे कुंपण फुकट मिळालेले नाही. दूध पावडरीवर शून्य आयात शुल्काचे वचन भारत गॅट या जुन्या जागतिक व्यापार करारात देऊन बसला होता. ते बदलून घ्यायला नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या, तेव्हा कुठे १०,००० टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यावर ६० टक्के शुल्क ठरले. मांसजन्य खाद्य दिलेल्या जनावरांचे दूध नको, ही आपली अट अमेरिकेतल्या दूध उत्पादकांना खुपते. त्यांच्या तक्रारीनंतर चौकशी सुरू झाली आणि २०१९ मध्ये अमेरिकेने भारतीय मालाला मिळणारी जीएसपी ही आयात शुल्कातली सवलत काढून घेतली. म्हणजे गोठ्याच्या रक्षणाची किंमत दुसऱ्या उद्योगांनीही मोजली आहे.

एवढे करूनही जगाचा बाजार गोठ्यात शिरतोच. आपल्याकडे गाईच्या दुधाचा महापूर आला की जादा दुधाची पावडर आणि लोणी होते. जगात पावडर स्वस्त झाली की निर्यात थांबते, गोदामे भरतात आणि संकलन केंद्रावरचा दर उतरतो. २०१८ मध्ये हेच झाले, शेतकऱ्यांनी दूध रस्त्यावर ओतले. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद, दर कोसळलेले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये १०,००० टन पावडर सवलतीच्या शुल्काने आणण्याची अधिसूचना निघाली. २०२४ मध्ये पुन्हा पावडरीचे दर पडले. राज्य सरकारने लिटरमागे ५ रुपये, नंतर ७ रुपये अनुदान दिले. ते मिळण्यासाठी गाईच्या कानात बिल्ला आणि ऑनलाइन नोंद हवी होती. दर कोसळल्यावर नोंदीसाठी धावाधाव करायची, हे धोरण नव्हे.

कुंपणाने आपल्याला वेळ मिळतो. तो वेळ दोन कामांसाठी वापरला पाहिजे. पहिले काम दराचे. उसाला एफआरपी म्हणजे किमान दर आहे, कायदा आहे. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून इतर घनपदार्थ) दुधाला मात्र डेअरी देईल तो दर. पेंड, मुरघास, औषधे आणि घरातल्या बाईची मजुरी धरून किमान दर कायद्याने ठरवा. पावडरीचे दर पडतील तेव्हा तोटा कोणी किती सोसायचा, हेही आधीच ठरवा. आज तो सगळा शेतकऱ्यावर येतो.

दुसरे काम रोगांचे. लाळ-खुरकूत असलेल्या देशाचे दूध आणि मांस श्रीमंत बाजारपेठा सहजासहजी घेत नाहीत. २०१९ मध्ये केंद्राने १३,३४३ कोटींचा लसीकरण कार्यक्रम आणला, २०३० पर्यंत रोगाच्या उच्चाटनाचे उद्दिष्ट ठेवले. व्यापाराच्या दबावातून आलेले हे चांगले धोरण आहे. लाळ-खुरकूत झालेली गाय जगते, पण बऱ्याचदा तिचे दूध पूर्वीइतके येत नाही आणि उन्हात ती धापा टाकते. निर्यात झाली नाही तरी लसीचा फायदा गोठ्यालाच होतो. त्यासाठी दवाखान्यांतली रिक्त पदे भरावी लागतील, लस वेळेवर आणि थंड साखळीत पोहोचवावी लागेल.

यापुढे एखाद्या करारातून दूध वगळल्याची घोषणा होईल, तेव्हा त्याच निवेदनात दोन उत्तरे मागायला हवीत: उत्पादकाला लिटरमागे किमान किती मिळणार, आणि लाळ-खुरकूतमुक्त होणारे पुढचे जिल्हे कोणते? ही उत्तरे दिल्लीने आणि मुंबईने मिळून द्यायची आहेत. ती मिळेपर्यंत दूध उत्पादकांनी, त्यांच्या संस्थांनी आणि आमदार-खासदारांनी हे प्रश्न विचारत राहावे.