शेवटच्या ओळी कोणाच्या?

मी एकाच शाळेत उर्दू शिकवतो आणि मराठीही. ‘सर, तुम्ही नक्की कोणत्या बाजूचे?’ असे सहकारी गमतीने विचारतात. मारिया रोझा मेनोकाल या विदुषीची कारकीर्द वाचताना मला तो प्रश्न आठवत राहिला.

मेनोकाल यांचा जन्म १९५३ चा, क्युबातल्या हवानाचा. विषय मध्ययुगीन रोमान्स भाषांचा, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन वगैरे भाषांचा. पुढे त्या अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. या विषयाच्या अभ्यासकाला लॅटिन हवी, हे सगळेच मानत. मेनोकाल अरबीही शिकल्या. १९८७ च्या पुस्तकात त्यांनी आपल्याच क्षेत्राला विचारले : स्पेनमध्ये शतकानुशतके अरबी बोलली गेली, मग युरोपच्या साहित्याच्या इतिहासात ती का दिसत नाही?

त्यांच्या प्रश्नाला ‘खर्जां’चा भक्कम आधार आहे. अंदलुसमध्ये मुवश्शह नावाच्या अरबी व हिब्रू कविता लिहिल्या जात. त्यांतल्या काहींच्या शेवटच्या ओळी, म्हणजे खर्जा, तिथल्या रोमान्स बोलीत असत. बऱ्याचदा एखाद्या स्त्रीच्या तोंडी. भाषा लॅटिन कुळातली, लिपी अरबी किंवा हिब्रू. सॅम्युएल स्टर्न यांनी १९४८ मध्ये त्या उलगडून दाखवल्या. त्यापूर्वी अरबीवाल्यांना बोली कळत नव्हती आणि स्पॅनिशवाल्यांना लिपी. विद्यापीठातल्या दोन विभागांमधल्या भिंतीत त्या ओळी अडकून पडल्या होत्या.

वर्गात मी सांगतो, ‘खर्जा’ म्हणजे बाहेर पडणे. आपला मराठी ‘खर्च’ही त्याच अरबी धातूतून फारसीमार्गे आलेला. मुले हसतात, पण विसरत नाहीत.

मेनोकाल यांच्या २००२ च्या गाजलेल्या पुस्तकावर टीकाही झाली. अंदलुसमधल्या मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती सहजीवनाचे चित्र त्यांनी फार गुलाबी रंगवले, असे टीकाकार म्हणतात. त्यात तथ्य आहे. १०६६ मध्ये ग्रॅनडात ज्यूंची कत्तल झाली. पुढे अल-मोहाद राजवटीत मायमोनिडिससारख्या ज्यू विद्वानाच्या कुटुंबाला कुर्तुबा सोडावे लागले. आपण मुसलमानांनी हेही सांगितले पाहिजे. तरीही त्यांचा १९८७ चा प्रश्न त्याने खोटा ठरत नाही.

मला खटकते ते वेगळेच. कुर्तुब्याच्या मशिदीचे नाव निघाले की आपले वक्ते गहिवरतात. पण श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि मराठीचे किती शिक्षक ‘अर्ज’, ‘वकील’, ‘जबाब’ या शब्दांचे मूळ वर्गात सांगतात? वारसा मिरवायला दोघेही तयार. दुसऱ्याची लिपी शिकायला मात्र कोणी नाही.

मेनोकाल ना मुसलमान होत्या, ना अरब. त्यांनी अरबी शिकण्याची मेहनत घेतली, कारण त्याशिवाय त्यांचा स्वतःचा विषय अपुरा राहत होता. दुसऱ्यावर उपकार म्हणून नव्हे, स्वतःचे घर नीट ओळखता यावे म्हणून शेजाऱ्याची भाषा शिकायची असते.

‘कोणत्या बाजूचे?’ असे आता कोणी विचारले, तर मी म्हणतो, कविता शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असेल तर दोन्ही बाजू लागतात.