जागा कुठे आहे?

आमच्या पालघरच्या दोन खोल्यांत कन्येने चित्रकला मांडली आहे. खाटेवर ओले कागद आणि माझ्या उत्तरपत्रिका मोरीच्या कठड्यावर! परवा एका पेपरावर गेरूचा ओघळ उतरला. मी गरजलो, "मोठं घर होईल तेव्हा काढ चित्रं!" तिने निमूटपणे ब्रश धुतले.

ते धुणे मला बोचले. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे आठवले. वारल्याच्या घरात चित्रांसाठी निराळी खोली कोठली? कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, गेरू फासायचा, अन् तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा, तोही सुवासिनींनी. मशे पुरुष असून, लग्नकार्य नसतानाही रोज काढीत बसले. पुढे भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले, भिंतीवरचे चित्र कागदावर आले. मशांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले.

रात्री मी आपण होऊन उत्तरपत्रिका स्वयंपाकाच्या ओट्यावर नेल्या. खाट रिकामी केली. कन्या बराच वेळ दारात उभी होती.

"बाबा, त्या मुलाचे मार्क कापू नका हं. डाग माझा आहे."