उंच सरोवरांचा प्रवास : औषध की अवधी?

एप्रिल महिना उजाडला की आपल्या चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "डॉक्टर, सुटीत लडाखला चाललो आहोत. पँगाँगच्या काठी तंबूत मुक्काम आहे. वर गेल्यावर दम लागू नये म्हणून काहीतरी द्या." प्रश्नकर्ता रुग्ण नसतो, प्रवासी असतो. विमानाची तिकिटे काढून झालेली असतात, प्रत्येक दिवसाचा कार्यक्रम आखलेला असतो आणि त्या आखणीत जी उणीव राहिली ती एखाद्या गोळीने भरून निघावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. अशा वेळी वैद्याने काय द्यावे आणि काय देण्याचे ठामपणे नाकारावे, यासंबंधीचे विचार व्यवसायबंधूंपुढे ठेवावेत, या हेतूने हा लेखनप्रपंच.

प्रथम देशाचा विचार करू. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, तर लेह सुमारे ३,५०० मीटरांवर आहे. सकाळी मुंबईहून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला लेहमध्ये पोहोचतो. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. पुढे पँगाँग सरोवर सुमारे सव्वाचार हजार मीटरांवर आणि त्सो मोरिरी ४,५०० मीटरांच्या वर. पँगाँगला जाताना लागणारी चांग ला ही खिंड तर ५,३०० मीटरांहूनही उंच आहे. तेथे हवेचा दाब निम्म्याच्या थोडाच वर राहतो. अनेक सहलींत तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीच सरोवराकाठी मुक्काम ठेवलेला असतो.

आता आपल्या सैन्यदलाची पद्धत पाहावी. धडधाकट, तरुण जवानालाही २,७०० ते ३,६०० मीटर उंचीसाठी ६ दिवस, ३,६०० ते ४,५०० मीटरांसाठी आणखी ४ दिवस आणि त्यापुढील उंचीसाठी पुन्हा ४ दिवस सात्म्यासाठी दिले जातात. पर्यटकाला जवानाप्रमाणे ओझे वाहायचे नसते हे खरे. म्हणून त्याच्यासाठी सौम्य नियम आहे : ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. लेहहून पँगाँगला थेट मुक्कामास जाणे म्हणजे एकाच दिवशी साडेसातशे मीटरांची उडी होय. त्यापूर्वी लेहमध्ये पुरेसे दिवस काढले नसतील, तर ही उडी अंगाशी येऊ शकते.

हा नियम आपल्याला परका नाही. आहार-विहारातील बदल एकदम न करता पादांशाने, क्रमाक्रमाने करावा, हे चरकाचार्य आणि वाग्भट दोघेही सांगतात. सहसा केलेला बदल, तो हितकर असला तरी, असात्म्यज विकार उत्पन्न करतो. उंचीचे सात्म्य हे या पादांशिक क्रमाचे अत्यंत स्पष्ट उदाहरण आहे. विशेष म्हणजे ज्या अष्टांगहृदयात आपण हा क्रम वाचतो, त्याचा तिबेटी अनुवाद अकराव्या शतकात रिंचेन झांगपो यांच्या काळात झाला आणि हिमालयाच्या त्या बाजूच्या वैद्यपरंपरेतही तो ग्रंथ आदरणीय ठरला. लडाखचे आमची ज्या सोवा-रिग्पा पद्धतीने चिकित्सा करतात, तिला भारतात २०१० साली कायद्याने मान्यता मिळाली. म्हणजे वाग्भट तेथे आपल्याआधीच पोहोचले आहेत. विसर पडला आहे तो आपल्याला.

दुसरा मुद्दा काळाचा. आपला प्रवासी लडाखला जातो मे ते सप्टेंबर या महिन्यांत. ऋतुचर्येनुसार आदानकाळाच्या शेवटी, म्हणजे ग्रीष्मात, आणि विसर्गकाळाच्या आरंभी, म्हणजे वर्षाऋतूत, मनुष्याचे बल सर्वांत कमी असते. वर्षाऋतूत अग्नीही मंद असतो. वैशाखाच्या उन्हाने शिणलेले किंवा आषाढातील मंदाग्नीचे शरीर घेऊन हा मनुष्य विमानात बसतो आणि काही तासांत रूक्ष, शीत अशा देशात उतरतो. अर्धशक्ती व्यायामाची मुभाही शास्त्राने बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यास शीतकाळी आणि वसंतातच दिली आहे. इतर ऋतूंत त्याहूनही कमी व्यायाम सांगितला आहे.

सरोवराकाठच्या पदभ्रमणाला हेच सूत्र लावावे. अर्धशक्तीचे लक्षण म्हणून कपाळ, नाक व सांध्यांवर येणारा घाम आपण रुग्णाला सांगतो. परंतु लडाखच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो. तेथे हे लक्षण फसवे ठरते. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले दुसरे लक्षण तेथे अधिक विश्वसनीय आहे : वायू मुखावाटे येऊ लागला की अर्धे बल खर्च झाले असे समजावे. प्रवाशाच्या भाषेत सांगायचे तर, चालताना सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की थांबावे. शिवाय हे अर्धे बल मुळातच उणावलेल्या बलाचे अर्धे आहे, याचे भान द्यावे. अतिव्यायामाने होणाऱ्या विकारांत प्रतमक श्वास, कास, क्लम आणि छर्दी यांची गणना आहे. ही यादी वाचताना उंचीवर आजारी पडलेल्या प्रवाशाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "आम्ही दरवर्षी कळसूबाई चढतो, आम्हाला काय होणार?" असे तरुण मंडळी म्हणतात. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. ते शिखर चढल्याने पाय आणि छाती बळकट होतात, यात शंका नाही. पण उंचीचे सात्म्य त्याने होत नाही. किंबहुना बलवान मनुष्य पहिल्याच दिवशी जोमाने चालू लागतो आणि अधिक लवकर संकटात सापडतो. बल आणि सात्म्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपणच समजावून सांगू शकतो.

मग आपल्याजवळ देण्यासारखे काहीच नाही काय? पुष्कळ आहे. रूक्ष-शीत देशातील वातप्रकोपावर आपले उपाय उत्तम आहेत. निघण्यापूर्वी पंधरा दिवस अभ्यंग, आहारात पचेल तेवढे गाईचे तूप, प्रवासात नाकपुड्यांत तुपाचे किंवा तीळतेलाचे प्रतिमर्श नस्य, कोमट पाणी, मुगाचे गरम यूष, आल्याचा तुकडा, मलावष्टंभ टाळण्यासाठी प्रकृतीनुसार सौम्य अनुलोमन. लेहमध्ये उतरल्यावर पहिले दोन दिवस लघु आहार व विश्रांती, आणि मद्य पूर्ण वर्ज्य. नव्या उंचीवर पहिल्या रात्री झोप उडते. तेव्हा निद्राजनक औषधांचा मोह टाळावा, कारण मंदावलेला श्वास तेथे घातक ठरू शकतो. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी चालू औषधे खंडित करू नयेत, हेही आवर्जून सांगावे.

मात्र यांपैकी काहीही उंचीच्या आजाराचे प्रतिबंधक नव्हे, हे त्याच बैठकीत स्पष्ट केले पाहिजे. ज्यांना कार्यक्रम बदलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आधुनिक वैद्यकात अॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध आहे. त्यासाठी फिजिशियनकडे पाठवावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास ते आधीच सांगण्यास बजावावे. हृद्रोग, फुप्फुसविकार वा गर्भावस्था असल्यास तज्ज्ञांच्या तपासणीशिवाय होकार देऊ नये. कैलास-मानससरोवराच्या शासकीय यात्रेत वैद्यकीय चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पँगाँगच्या सहलीला अशी गाळणी नाही. म्हणून ती गाळणी आपल्या चिकित्सालयात असावी.

धोक्याची लक्षणे प्रत्येक प्रवाशाला तोंडपाठ हवीत. पोहोचल्यानंतर काही तासांत शिर:शूल, हृल्लास, अरुची, भ्रम सुरू झाल्यास आणखी वर जाऊ नये. टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता, स्वस्थ बसले असतानाही दम लागणे, खोकल्यावाटे फेस येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी रात्र उलटण्याची वाट न पाहता खाली उतरावे, मिळेल तेथे प्राणवायू द्यावा आणि रुग्णालय गाठावे. निदानपरिवर्जन ही संक्षेपतः चिकित्सा, हे आपण विद्यार्थिदशेपासून म्हणत आलो. येथे निदान उंची आहे. तिचे परिवर्जन म्हणजे उतरणे.

औषधी दुकानदार बंधूंना एक आग्रहाची विनंती. उन्हाळ्यात कापराच्या पुड्या 'प्राणवायूसाठी' म्हणून विकल्या जातात. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. उलट आपल्याला बरे वाटते आहे अशी समजूत होऊन मनुष्य थांबायचे तेथे थांबत नाही. लहान मुलाने कापूर गिळल्यास झटके येऊ शकतात, हा धोका वेगळाच. शिलाजित हिमालयात मिळते म्हणून ते हिमालयाच्या उंचीवर औषध ठरत नाही. पुडीचे पैसे चार मिळतील. पण वर काही विपरीत घडले तर दोष पुडीला नव्हे, आयुर्वेदाला लागेल.

आणि ज्यांना तो देश मानवणार नाही, त्यांना नुसता नकार देऊन परत पाठवू नये. प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचा जलाशय, सभोवारचे डोंगर, रतनवाडीकडे काठाकाठाने जाणारी वाट, हे सारे आपल्या वृद्ध रुग्णांच्या आवाक्यात आहे. तेथे अर्धशक्तीने चाललेले दोन कोसही आरोग्य देऊन जातील.

प्रवाशाने औषध मागितले की आपण कागदावर प्रथम दिवस लिहावेत : लेहला किती, मार्गात किती, सरोवराकाठी किती. कार्यक्रमात दोन दिवस वाढवण्यास तो तयार झाला, तर आपली चिकित्सा निम्म्याहून अधिक पार पडली. तयार नसेल, तर सरोवराचा मुक्काम गाळण्यास सांगावे. असे सांगणारा वैद्य कदाचित एक ग्राहक गमावील. तरीही प्रत्येक सभासदाने येत्या हंगामापासून हा परिपाठ ठेवावा, अशी नम्र सूचना आहे.