बुधवारच्या रात्रीचा खिमा-पाव

मराठी साहित्यातली माणसे जेवतात, नाही असे नाही. पण ती बहुधा दोनच प्रकारे जेवतात. एक तर पंगत असते, केळीचे पान असते, नैवेद्य असतो, आणि त्या निमित्ताने लेखकाची भाषाही साजूक तुपात न्हाऊन निघते. नाही तर भूक असते. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी' (१९८४) ह्या आत्मकथनांनी भुकेला मराठीत जी जागा मिळवून दिली, तिच्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न ह्या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशाचा आहे. सण नाही, उपासमारही नाही. बुधवार आहे, संध्याकाळचे सात वाजले आहेत, घरातले बाई-माणूस नुकतेच कामावरून परतले आहे आणि तासाभरात चौघांच्या पोटाची सोय करायची आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे बहुतेक आयुष्य ह्याच प्रदेशात जाते. आपल्या समीक्षेने मात्र तिथे क्वचितच पाऊल टाकले आहे.

ह्या प्रदेशाचा नमुना म्हणून मी खिमा-पाव निवडतो, आणि गाव म्हणून माणगाव. (१९२०च्या परिषदेमुळे इतिहासात गेलेले माणगाव कोल्हापूरकडचे. हे रायगड जिल्ह्यातले, काळ नदीकाठचे, मुंबई-गोवा महामार्गावरचे आणि ताम्हिणी घाट उतरून येणाऱ्यांच्या वाटेवरचे.) तालुक्यात लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, वडघरला साने गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक आहे, आणि मोर्बा, गोरेगाव अशा गावांतून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा कोकणी मुस्लिम समाज आहे. ह्या समाजातले पुरुष आधी जहाजांवर, मग आफ्रिकेत आणि नंतर आखातात गेले. घर मागे राहिले, आणि घराबरोबर चूल. अशा घरांत खिमा-पाव हा सणाचा पदार्थ नसतो. ईदला बिर्याणी असते, शीरखुर्मा असतो. खिमा असतो तो कामाच्या दिवशी.

तो कामाच्या दिवशी का असतो, हे त्याच्या कृतीतच आहे. अर्धा किलो खिमा घ्यावा. रुंद तोंडाच्या पातेल्यात तेल तापवून तीन कांदे बारीक चिरून तांबूस परतावेत, आले-लसणाचे वाटण घालावे, वास सुटला की हळद, लाल तिखट, धनेपूड आणि मग खिमा. इथे घाई करून झाकण ठेवू नये. खिम्याला स्वतःचे पाणी सुटते. झाकण ठेवले तर तो त्या पाण्यात नुसता उकडतो आणि फिका राहतो. आच मोठी ठेवून पाणी आटू द्यावे, उलथन्याने गुठळ्या मोडत राहावे, आणि तेल कडेला दिसू लागले की दोन टोमॅटो, मीठ व अर्धी वाटी पाणी घालून वीसेक मिनिटे मंद शिजवावे. शेवटी गरम मसाला, कोथिंबीर, लिंबू. रस्सा पातळ नको आणि भाजी कोरडी नको. पावात भरल्यावर पाव ओला व्हावा, पण फुटू नये इतपत सैल. पाव मधोमध चिरून तव्यावर थोड्या तुपात किंवा लोण्यात उलटा भाजावा. भाजलेला थर रस्सा अडवून धरतो, म्हणून ही पायरी चैनीची नव्हे, गरजेची आहे. पावभर बटाट्याच्या फोडी किंवा मूठभर वाटाणे घातले की चौघांचे जेवण सहा जणांना पुरते. एवढे सगळे पाऊण तासात होते. सागुतीला जो वेळ लागतो तो मांसाचे चिवट धागे मऊ होण्यासाठी. खिम्यात ते धागे आधीच तोडलेले असतात. स्वस्त आणि निबर भागाचे मांस खाण्याजोगे करण्याची ती जुनी युक्ती आहे. तिची किंमतही आहेच. बारीक केलेले मांस लवकर खराब होते, म्हणून ते त्याच दिवशी आणून त्याच रात्री पूर्ण शिजवावे लागते.

पावाचेही तसेच. तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या तर उकड काढा, मळा, थापा आणि एकेक करून भाजत चुलीपुढे बसून राहा. पाव बेकरीतून येतो. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या ह्या पदार्थाने कोकणातल्या बाईला रात्रीचा एक तास परत दिला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. नवरा कुवेतला, सासू आजारी, स्वतःची शाळेतली नोकरी आणि महाडहून येणारी एसटी उशिरा, अशा संसारात हा एक तास फार मोठा असतो. मुलांचा अभ्यास घ्यायला, फोनवर बोलायला, क्वचित चार पाने वाचायलाही तोच तास असतो. स्त्रीवादी समीक्षेने स्वयंपाकघराला तुरुंग म्हटले, ते बरोबरच होते. पण तुरुंगात तास कसे वाचवले जात होते, ह्याचा हिशेब तिने फारसा मांडला नाही.

अमेरिकेत ह्याच पदार्थाचा सख्खा चुलतभाऊ आहे. टोमॅटोच्या आंबटगोड रश्शात शिजवलेला खिमा गोल पावात भरून खातात. त्याला 'स्लॉपी जो' म्हणतात. नावाचा अर्थच गबाळा. तो तिथे शाळेच्या कँटीनमध्ये आणि कामाच्या दिवसांच्या रात्री दिसतो. १९६९पासून तर त्याचा रस्सा डब्यात तयार मिळू लागला. ह्या दोन पदार्थांत कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. स्वस्त मांस, तयार पाव आणि वेळेची टंचाई ह्या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे माणसे ह्याच उत्तरापाशी पोहोचतात. म्हणजे खिमा-पाव ही 'त्यांची' संस्कृती म्हणून काचेच्या कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. ती आधुनिक श्रमाच्या दिनक्रमाची निर्मिती आहे.

आता भाषेकडे वळू, कारण आपला व्यवसाय तो आहे. पाव आणि बटाटा पोर्तुगीजांकडून आले. खिमा तुर्की-फारसीतून, मसाला अरबीतून, तवा फारसीतून. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातली रोपे. ज्या रायगडाच्या पायथ्याशी हा मुलूख पसरला आहे, तिथल्या राजवटीत दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. तो प्रयत्न मोठाच होता; पण तव्याला तवाच म्हणायचे हे घराघरांतल्या बायकांनी ठरवले. मराठी शुद्ध असावी की मिश्र, ह्या वादाचा निकाल स्वयंपाकघरात केव्हाच लागला आहे.

ह्याच भाषेत आणखी एक शब्द आहे, ज्याच्याकडे साहित्याच्या अभ्यासकाने कान द्यायला हवा : 'मोठ्याचं'. बकऱ्याचे ते मटण, आणि म्हशी-रेड्याचे ते मोठ्याचे. नाव न घेता सांगण्याची ही रीत केवळ संकोचाची नाही, सावधगिरीचीही आहे. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होतीच. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५मध्ये लागू झाली आणि बंदीच्या कक्षेत बैल व वळूही आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हैस-रेडा ह्या बंदीत नाहीत. इंग्रजीतला 'बीफ' हा एक शब्द ह्या साऱ्या जनावरांना एका टोपलीत टाकतो. मराठीत गाय, बैल, वळू, म्हैस, रेडा असे वेगवेगळे शब्द आहेत आणि कायदा ह्या वेगळेपणावरच उभा आहे. तरीही वर्तमानपत्रांपासून चावडीपर्यंत सगळे 'बीफ' म्हणतात, आणि त्या एका शब्दाच्या सैलपणामुळे कायद्याने मोकळा असलेला पदार्थही पिशवीत झाकून न्यावा लागतो. शब्दाच्या अचूकपणाचा धडा वर्गात देणाऱ्यांनी हे उदाहरण फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? कायद्याच्या बाजूचे असोत वा विरोधातले, नेमके बोलण्याची जबाबदारी दोघांचीही आहे.

ह्यावर आक्षेप ठाऊक आहे. कोणी म्हणेल, मुस्लिम स्वयंपाकघर मराठीत दुर्लक्षित कुठे आहे? दर रमजानला पुरवण्यांतून मोहम्मद अली रोडची वर्णने येतात. येतात खरी, पण ती पाहुण्याने केलेली वर्णने असतात. शेजाऱ्याच्या घरी आपण वर्षातून एकदा, सणाला जातो आणि त्याचे आयुष्य म्हणजे सणच, असे समजतो. शेजारी म्हणून त्याला ओळखायचे तर बुधवारी जावे लागते. आपण हमीद दलवाईंना सुधारक म्हणून वाचतो, 'इंधन' (१९६५) लिहिणारा कोकणातला कादंबरीकार म्हणून फार कमी. १९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यालाही आता तीन दशके उलटून गेली. तरी 'मराठी घर' म्हटल्यावर अभ्यासक्रमाच्या डोळ्यांपुढे येणारे घर फारसे बदललेले नाही. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'ने (२००३) कोकणातल्या दलित घराचे ताट मराठी वाचकापुढे ठेवले. शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'ने (२०१५) मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाच्या कृतीच नोंदवल्या आणि नुसत्या शीर्षकाने एक रूढ वचन उलटे केले. ह्या पुस्तकांचे महत्त्व असे की ती वाचकाकडे दया मागत नाहीत, पाकाचे तपशील देतात. किती तिखट, किती वेळ, कोणता भाग. तपशील हा प्रतिष्ठेचा पहिला पुरावा असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रोजच्या जेवणात साहित्य कुठे आहे? ज्यात संघर्ष नाही, त्याची कथा कशी होणार? पण खिम्याच्या त्या पातेल्याभोवती काय काय आहे ते मोजून पाहावे : परदेशातला पगार, बाईचा वाचवलेला तास, बेकरीचा पाव, कायद्याची कलमे, न उच्चारलेला शब्द आणि पुरवून खाण्याचे गणित. एवढे असूनही कथा सापडत नसेल, तर उणीव विषयात नाही. साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले ते प्रांताप्रांतांच्या भाषांना जोडण्याचे. त्यांचे स्मारक ज्या तालुक्यात उभे आहे, तिथे एकाच भाषेतल्या दोन स्वयंपाकघरांची ओळख व्हायची बाकी असावी, ही बोचणारी गोष्ट आहे.

उपाय फार मोठा नाही आणि त्यासाठी अभ्यास मंडळाची बैठकही नको. 'माझा आवडता पदार्थ' हा निबंधाचा विषय आपण बाद करावा. त्यावर मुले पुरणपोळी आणि उकडीचे मोदक लिहितात. ज्यांच्या घरी ते होत नाहीत तीही लिहितात, कारण मराठीच्या वहीत काय शोभते हे आपणच त्यांना नकळत शिकवलेले असते. त्याऐवजी विषय द्यावा : 'काल रात्री आमच्या घरी काय शिजले, आणि ते कोणी, किती वेळात शिजवले'. गुण द्यायचे ते अलंकारांना नाही, नेमकेपणाला. माणगावच्या एखाद्या वर्गातून ह्या विषयावर साठ निबंध आले, तर त्यांतले पंचावन्न सामान्य असतील. उरलेल्या पाचांत मराठी गद्याने अजून न पाहिलेले काहीतरी असेल; आणि ते लिहिणाऱ्या मुलीला पहिल्यांदाच कळेल, की तिच्या घरातली रात्रही ह्याच भाषेत मावते.